पोपटाचा डोळा सुजलाय. थेंब घालू की थांबू?

चिमणचारा | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, जरा घाईत लिहितेय. आमचा गुंड्या (कॉकाटील, नर, वय तीन) संध्याकाळपासून डावा डोळा अर्धवट मिटून बसलाय. आधी वाटलं, पेंगतोय. दिवे लावल्यावर जवळ जाऊन बघितलं तर खालच्या पापणीखाली फुगवटा आहे. डोळ्याच्या कडेची बारीक पिसं ओली होऊन चिकटलीत, रंगकामाचा ब्रश पाण्यातून काढल्यावर टोक जुळतं ना, तशी. मधेच दांडीवर गाल घासतो, मग पुन्हा फुगून बसतो. दाणे खाल्ले. शीळ मात्र एकदाही घातली नाही, आणि हे आमच्याकडे नवलच, कारण एरवी दाराची कडी वाजली तरी ह्याची मैफल सुरू होते.

मागे माझे डोळे आले होते तेव्हाचे थेंब घरात अर्धी बाटली उरलेत. रात्रीपुरता एक थेंब घातला तर चालेल का? सकाळी डॉक्टरकडे नेणारच आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

---

काडेपेटी | सोमवार, रात्री १०:३१

घाला की बिनधास्त. डोळा तो डोळा, माणसाचा काय नि पोपटाचा काय. आमच्या बजीला (बजरीगर, छोटा पोपट) असंच झालं होतं, घरातलेच थेंब घातले, तीन दिवसांत टुणटुणीत. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

---

ढोली | सोमवार, रात्री १०:३८

चिमणचारा, थांब! आधी ती बाटली हातात घे आणि त्यावरचं बारीक अक्षर वाच. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तर बाटली होती तिथे ठेवून दे. ही सगळी स्टिरॉइडं. माणसांच्या थेंबांत प्रतिजैविकाच्या जोडीला सर्रास असतात, कारण लाली झटकन उतरते. पण पोपटाच्या डोळ्यावर ओरखडा किंवा व्रण असेल तर स्टिरॉइडने तो भरत नाही, उलट खोल जातो. शिवाय शंभर ग्रॅमच्या जिवाला डोळ्यातला थेंबसुद्धा अंगभर लागतो. पक्षी स्टिरॉइडला फार हळवे. प्रतिकारशक्ती दबली की आत दडून बसलेली बुरशी किंवा जंतू डोकं वर काढतात.

काडेपेटी, तुमच्या बजीचं बरं झालं हे चांगलंच, पण ते थेंबांमुळे झालं की थेंब असूनही झालं हे तुम्हाला कसं कळलं?

आता मला ह्यांची उत्तरं दे:
एकच डोळा की दोन्ही? नाकपुड्या कोरड्या की ओल्या? शिंका? बसल्या जागी शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय का? शी कशी आहे, पांढऱ्या भागाचा रंग बदललाय का? वजन किती? खायला काय देतेस? आणि गेल्या दोनेक महिन्यांत घरात नवीन पाखरू आलंय का?

---

चिमणचारा | सोमवार, रात्री १०:५६

बाटलीवर डेक्सामेथासोन आहे. हात थरथरला वाचून.

डोळा एकच, डावा. डाव्याच नाकपुडीपाशी ओलसर डाग आहे, तू विचारलंस म्हणून बघितलं. शिंका दोन-तीन दिवस येतायत, पण मोजून दोन-चार, मला वाटलं पिसांची धूळ. शेपटी हलत नाही. शीतला पांढरा भाग किंचित हिरवट-पिवळट वाटतोय, की मलाच सगळं पिवळं दिसतंय देव जाणे. वजन माहीत नाही. खायला मिक्स दाणे, त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया आधी संपवतो. भाजी दिली की पायाने उचलून खाली टाकतो.

आणि हो. नवीन पाखरू आहे. पाच आठवड्यांपूर्वी एक मादी आणली. पिंजरा वेगळा, पण खोली तीच. ती ठणठणीत आहे.

---

ढोली | सोमवार, रात्री ११:०४

‘ठणठणीत आहे’ यावर फार भरवसा ठेवू नकोस. बाहेरून काही दिसत नसलं तरी जंतू पसरवणारे पक्षी असतात. आज रात्री तिचा पिंजरा दुसऱ्या खोलीत. आधी गुंड्याचं नाही, तिचं दाणापाणी कर, मग ह्याचं, आणि मधे हात साबणाने धू.

वजनाचा काटा आहे का? स्वयंपाकघरात असतो तो एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालतो. त्यावर दांडी किंवा छोटा डबा ठेवून शून्य कर आणि त्याला बसव. आत्ताच कर.

---

चिमणचारा | सोमवार, रात्री ११:२०

८६ ग्रॅम. मागच्या वर्षी तपासणीला नेला होता तेव्हाच्या कागदावर ९४ लिहिलंय. हातात घेतल्यावर तसूभरही फरक जाणवत नव्हता हो!

---

पंखवैद्य | सोमवार, रात्री ११:४२

मी पशुवैद्य आहे, बहुतांश काम पक्ष्यांचंच. धाग्यावर बसून निदान करणार नाही, पण रात्र कशी काढायची ते सांगतो.

९४ वरून ८६ म्हणजे साडेआठ टक्के. दहा टक्क्यांच्या आसपास घट गेली की आम्ही गंभीर समजतो, म्हणजे तुम्ही उंबऱ्यावर आहात. पक्षी आजार लपवतो, कळपात दुबळा दिसला तर शिकारी त्यालाच उचलतो. पिसं फुगवून तो गुटगुटीत दिसतो आणि आत छातीचं हाड वर येत असतं. त्यामुळे ‘खातोय’ याला काट्याशिवाय अर्थ नाही. कित्येक पाखरं दाणे नुसती सोलत बसतात, खालचं सगळं टरफलच नाही ना ते बघा.

आज रात्री: पिंजऱ्याच्या तीन बाजू झाका, एका बाजूला ऊब द्या. आजारी पक्ष्याला साधारण २८ ते ३० अंश मानवतं, पण दुसरी बाजू गार राहू द्या, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून सुटे धरून बसला तर ऊब जास्त झालीय. दांडी खाली घ्या. एका डोळ्याने अंतर चुकतं आणि पडतात. दाणापाणी त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला ठेवा. डोळ्यावर पापुद्रा जमला असेल तर साधं निर्जंतुक सलाइन, ०.९ टक्क्यांचं, कोमट करून कापसाच्या बोळ्याने नुसतं ओलं करा. खरवडू नका. लेन्सचं पाणी नको, कुठला काढा नको, मलम तर नकोच. मलमाने पिसं तेलकट होतात आणि तो चोचीने साफ करताना सगळं पोटात घेतो.

श्वासाला शेपटी हलू लागली, तळाशी जाऊन बसला, डोळ्यातून रक्त आलं किंवा बुबुळ दुधाळ झालं तर सकाळची वाट बघू नका.

---

पाणलोट | मंगळवार, सकाळी ७:१०

वाचतोय, गुंड्यासाठी शुभेच्छा. एक भाबडा प्रश्न: मी पक्षी नुकताच आणलाय. डोळ्याचं काय नेहमीचं आणि काय बिघडलेलं हे ओळखायचं कसं? आमची लव्हबर्ड दुपारी एक डोळा मिटून बसते, काल मी अर्धा तास तिच्यासमोर घाबरून उभा होतो. ती माझ्याकडे उघड्या डोळ्याने बघत होती.

---

डुलकी | मंगळवार, सकाळी ७:४८

पाणलोट, तुम्हीच तिची झोपमोड करत होतात. पक्षी मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपू शकतात, एक डोळा उघडा, एक बंद. ते आलटून पालटून होतं, अंग सैल असतं, एक पाय पोटाशी. दुखणाऱ्या डोळ्याचं तसं नसतं. तोच डोळा सारखा मिटलेला, खेळतानाही. जागेपणीही बारीक केलेला.

दुसरं घाबरवणारं प्रकरण म्हणजे डोळ्याची बाहुली सटासट लहान-मोठी होणं. आमचा आफ्रिकन ग्रे (राखाडी पोपट) गाणं लागलं की डोळ्यांचे कॅमेरे चालू करतो. हे आनंदाचं, रागाचं, उत्सुकतेचं, कशाचंही असतं. तेव्हा बोट पुढे करू नका एवढंच. त्यांच्या डोळ्यातले ते स्नायू आपल्यासारखे आपोआप चालणारे नसतात, हाताच्या स्नायूंसारखे मर्जीने चालतात.

रंगाचंही सांगते. ग्रेच्या पिल्लाचे डोळे काळसर राखाडी असतात, मोठेपणी फिकट पिवळे होतात. बजीच्या पिल्लाचा डोळा सगळा काळा, मग वयात येताना भोवती पांढरट कडं दिसू लागतं. काही रंगजातींत ते कडं कधीच येत नाही. आमच्याकडे एकजण ‘डोळा पांढरा पडला’ म्हणून रडत आल्या होत्या. पाखरू नुसतं मोठं झालं होतं.

पिसं गळायच्या दिवसांत डोळ्याभोवती सुईसारखी नवी पिसं येतात, खाज सुटते, तेव्हाही गाल घासतात. पण दोन्ही बाजूंनी घासतात आणि ओल नसते. ओलं पीस दिसलं की तो मुद्दा वेगळा.

---

पाणलोट | मंगळवार, सकाळी ७:५५

वाचनखूण साठवली. लव्हबर्डची माफी मागितली.

---

चिमणचारा | मंगळवार, दुपारी २:३०

आलो जाऊन. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डॉक्टरांनी आधी त्याला पिंजऱ्यातच पाच मिनिटं नुसतं बघितलं. बोलले काही नाही. मग टॉवेलमध्ये घेतलं. मला दाखवलं की छाती अजिबात दाबायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे झालं तरच श्वास चालतो. डोकं दोन बोटांत जबड्याच्या कडांनी धरलं, बाकी अंग टॉवेलात सैल.

डोळ्यात केशरी कागदाची पट्टी टेकवली, रंग पसरला, सलाइनने धुतला आणि खोलीतला दिवा घालवून निळा दिवा मारला. व्रण असता तर तिथे हिरवं चमकलं असतं. काही चमकलं नाही. तिसरी पापणी उचलून खाली टरफल-बिरफल अडकलंय का तेही पाहिलं. नव्हतं. मग चोच उघडून टाळूची फट बघितली. म्हणाल्या, इथे कडेला बारीक काटे असतात, ते बोथट झालेत, म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता दिसतेय. मी मान खाली. सूर्यफूल.

फुगवटा डोळ्याचा नाहीच निघाला! डोळ्याच्या खाली नि पुढे नाकाला जोडलेली हवेची पोकळी असते, ती सुजलीय आणि डोळ्याला ढकलतेय. डोळ्याच्या पापणीतून, टाळूतून आणि शीच्या जागेतून असे स्वॅब घेतले. मादीचेही घेतले. पीसीआरला (जंतूंची जनुकीय तपासणी) पाठवलेत. तोवर स्टिरॉइड नसलेले प्रतिजैविक थेंब दिवसातून चार वेळा.

आणि त्यांनी अचानक विचारलं, घरात कुणाला ताप, कोरडा खोकला? नवऱ्याला तीन दिवस अंगदुखी आणि खोकला आहे. आम्ही फ्लू म्हणून सोडून दिलं होतं.

---

काडेपेटी | मंगळवार, दुपारी ३:०५

बरं झालं माझं ऐकलं नाहीत. आमच्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते बघायला गेलो, ती सापडतच नाहीये. बजीचं नशीब म्हणायचं.

पण एक कळलं नाही. सूज नाकाची, मग डोळा का?

---

पंखवैद्य | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

प्रश्न नेमका विचारलात. पोपटाच्या कवटीत जागेची फार ओढाताण असते. डोळे डोक्याच्या मानाने प्रचंड, त्यांच्याभोवती हाडांच्या छोट्या पट्ट्यांचं कडं, आणि डोळ्याच्या खालून-मागून नाकाच्या पोकळ्या गेलेल्या. त्या पोकळीच्या बाहेरच्या अंगाला हाड नाही, नुसती कातडी आहे. आत पू किंवा चिकट स्राव साठला की वाट मिळेल तिकडे फुगतं, ते नेमकं डोळ्याखाली. पक्ष्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. म्हणून थेंबांनी वरचं पाणी थांबतं, आतलं तसंच राहतं, आठ दिवसांनी पुन्हा तेच. माझ्याकडे येणाऱ्या ‘तीनदा बरा झाला, तीनदा उलटला’ अशा डोळ्यांत मला पहिला संशय पोकळीचा येतो.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाका-तोंडातलं ओलं नाजूक अस्तर कातडीसारखं जाड आणि कोरडं होतं. ग्रंथींची तोंडं बुजतात, जंतूंना दार उघडं. म्हणजे दाण्यांची वाटी आणि डोळ्याची सूज यांचा थेट संबंध आहे. गाजर, लाल भोपळा, रताळं, लाल ढोबळी मिरची, गडद हिरवी पालेभाजी यांतून ते मिळतं. पण जीवनसत्त्वाचे थेंब स्वतःच्या मनाने पाण्यात ओतू नका. अ जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं.

एकाच डोळ्यात असेल तर मार, कचरा, ओरखडा किंवा त्या बाजूची पोकळी. दोन्ही डोळ्यांत असेल तर अंगातला आजार किंवा हवेतलं काहीतरी, हा ढोबळ अंदाज. ढोबळच. कॉकाटीलमध्ये डोळे आले म्हटलं की मात्र मी क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा हे दोन जंतू डोक्यात ठेवूनच टॉवेल उचलतो.

---

रानजाई | मंगळवार, रात्री ९:१२

‘हवेतलं काहीतरी’ यावरून. आमच्या दोन्ही बजींचे डोळे एकदम लाल झाले होते. काही औषध लागलं नाही. खोलीत भिंतींना रंग काढला होता. पिंजरा हलवला, दोन दिवसांत डोळे स्वच्छ. सुगंधी फवारे, सिगारेट, जंतुनाशकाची वाफ, हे सगळं त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. आणि न चिकटणाऱ्या तव्याची गोष्ट तर डोळ्याच्याही पलीकडची. तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी मिनिटांत मरतात.

दुसरं, पापण्यांच्या कडेला आणि चोचीच्या मुळाशी राखाडी, जाळीदार, स्पंजासारखे पापुद्रे दिसले, विशेषतः बजीच्या, तर ते डोळ्याचं दुखणं नसतं, खरजेचा किडा असतो. औषध वेगळं, मानेवर थेंब टाकायचं, वजनावर मोजून. वरून तेल चोपडू नका, आम्ही चोपडलं आणि पाखरू आठवडाभर कळकट फिरत होतं.

---

मंद_वारा | मंगळवार, रात्री १०:४०

डोळ्याभोवती एकाएकी टक्कल पडलं तर सोबतीही संशयित. आमच्या लव्हबर्डच्या जोडीतला एक दुसऱ्याच्या डोळ्याभोवतीची पिसं इतक्या प्रेमाने साफ करायचा की बिचारीला चष्मा लागल्यासारखं दिसायचं. वेगळं ठेवल्यावर महिन्याभरात पिसं आली. तो मात्र मग खेळण्याच्या दोरीचे केस उपटू लागला.

---

चिमणचारा | शनिवार, सकाळी ११:२५

अहवाल आला. क्लॅमिडिया, दोघांतही. म्हणजे सिटाकोसिस, ज्याला पोपटज्वर म्हणतात. मादी अजूनही ठणठणीत दिसते, ढोली.

नवऱ्याच्या डॉक्टरांना मी ‘घरी पोपट आहेत आणि पोपटाला हे निघालंय’ असं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. छातीचा एक्स-रे, रक्त, आणि औषध लगेच सुरू. न सांगता नुसता खोकला सांगितला असता तर भलतंच प्रतिजैविक मिळालं असतं, असं तेच म्हणाले.

गुंड्या आणि मादी दोघांना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, पंचेचाळीस दिवस. पंचेचाळीस! डोळा तर आत्ताच निम्मा उतरलाय.

---

पंखवैद्य | शनिवार, दुपारी १२:५०

डोळा उतरला म्हणून थांबणं, इथेच बहुतेकांचं बिनसतं. हा जंतू पेशींच्या आत राहतो आणि औषध त्याला तो वाढत असतानाच गाठतं, म्हणून इतके दिवस. अर्ध्यात सोडलं तर पाखरू बरं दिसतं आणि जंतू टाकत राहतं.

पिंजऱ्यातून समुद्रफेस आणि खनिजाची वडी काढा. त्यातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवतं, मग औषध अंगात लागतच नाही. दुधाचे पदार्थही नकोत.

शी वाळली की तिची धूळ होते आणि ती श्वासातून आपल्यात जाते. झाडू नका, फुंकू नका. कागद आधी ओला करा, मग गुंडाळा. मास्क लावा. घरात गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांनी ह्या खोलीत येऊ नये.

(अवांतर: १९२९-३० मध्ये हा आजार विक्रीसाठी आणलेल्या पोपटांबरोबर एकामागून एक देशांत पोचला होता. नाव पोपटाचं पडलं, ग्रीक शब्दावरून, पण कबुतरांना आणि टर्कींनाही होतो.)

---

संथ_पाणी | शनिवार, रात्री ८:३०

आमचा आफ्रिकन ग्रे म्हातारा आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाहुलीत बर्फाचा खडा अडकल्यासारखा पांढरा ठिपका दिसायला लागला तेव्हा आम्ही धावलो. डॉक्टरांनी छोट्या दिव्याने एकेक डोळा तपासला. त्यांनी सांगितलं की माणसात एका डोळ्यावर प्रकाश पडला की दुसऱ्याचीही बाहुली आकसते, पक्ष्यात तसं धरून चालायचं नाही, कारण प्रत्येक डोळ्याची नस पूर्णपणे मेंदूच्या विरुद्ध बाजूला जाते. म्हणून प्रत्येक डोळा वेगळा मोजायचा.

शस्त्रक्रिया होते, पण त्याचं हृदय बघता आम्ही नको म्हटलं. लिहायचं कारण एवढंच की आंधळा पोपट म्हणजे संपला असं कुणी समजू नये. पिंजऱ्यातली एकही वस्तू आम्ही हलवत नाही. पाण्याची वाटी जिथे होती तिथेच. खोलीत शिरताना बोलत शिरतो. ‘पायरी’ म्हटलं की पाय उचलतो. परवा पुतण्याने सहज दांडी दोन बोटं वर लावली तर पठ्ठ्या दिवसभर त्याला शिव्या देत होता. शिव्या त्याला कुणी शिकवल्या हे विचारू नका.

---

रानजाई | शनिवार, रात्री ८:५१

संथ_पाणी, विचारत नाही, अंदाज आहे.

---

चिमणचारा | रविवार, सकाळी ९:४०

मदत हवीय. थेंब घालायला मला घाम फुटतो. टॉवेल दिसला की तो किंचाळतो, मी गडबडते, थेंब डोक्यावर, मग दोघेही रुसून बसतो. चारातला एक तरी डोळ्यात पडतो का शंका आहे.

---

ढोली | रविवार, सकाळी १०:०५

मी करते ते सांगते. दिवा बारीक कर, अंधुकात शांत राहतात. टॉवेल पाठीमागून, समोरून झडप घालायची नाही, आपण ससाणा वाटतो त्यांना. टॉवेलात आल्यावर अंगठा आणि मधलं बोट दोन्ही गालांवर, जबड्याच्या हाडाशी. गळा नाही, छाती नाही. बाटली तळहातात धरून आधी कोमट केलेली असू दे. गार थेंबाने दचकतात. मिटलेल्या पापणीवर, चोचीकडच्या कोपऱ्यात एकच थेंब ठेव. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. आता काहीच करू नकोस, पाचपर्यंत मोज. तो पापणी उघडेल, आतून ती तिसरी, अर्धपारदर्शक पापणी चटकन सरकेल आणि थेंब आपोआप आत ओढला जाईल. उरलेलं बोळ्याने टीप. एकूण अर्धं मिनिट. मग लगेच आवडीचं काहीतरी चोचीत.

आणि पकडताना तुझ्या चेहऱ्यावर जो भाव असतो ना, तो काढून टाक. ते चेहरा वाचतात.

---

काडेपेटी | रविवार, सकाळी १०:२२

अंगठा आणि मधलं बोट म्हणजे कॅरम खेळतो तसं? करून बघितलं, आमच्या बजीने अंगठ्याचा चावा घेतला. त्याला काहीही झालेलं नव्हतं, मी आपला सराव म्हणून. चूक माझीच.

पण काल ग्रॅमचा काटा मागवला हे नमूद करतो.

---

चिमणचारा | एकवीस दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

मधे लिहिणं झालं नाही. अर्धा टप्पा झाला. डोळा आठव्या दिवशी पूर्ण उघडला. नाकपुडी कोरडी. वजन ८६, ८५ (त्या दिवशी मी जेवले नाही), ८७, ८९, आज ९२. नवऱ्याचा खोकला गेला, तो आता गुंड्याला ‘रोगट’ म्हणून हाक मारतो आणि गुंड्या उत्तर देतो.

भाजीचं तुम्हाला सांगते. गाजर किसून दिलं, खाली. तुकडे दिले, खाली. शेवटी मी त्याच्यासमोर बसून स्वतः चघळत राहिले आणि त्याला दिलंच नाही. चौथ्या दिवशी खांद्यावरून वाकून माझ्या तोंडातला तुकडा ओढायला लागला. (पंखवैद्य, तोंडातला देत नाही, रागावू नका, ताटलीतला देते.) आता चोच केशरी करून फिरतो. पेलेट्सची (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) सवय लावणं चालू आहे, पण आजारपणात एकदम सगळे दाणे बंद करू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. उपाशी राहतात, पण अनोळखी वस्तू खात नाहीत.

---

पंखवैद्य | रविवार, रात्री ९:००

रागावलो नाही. वजनाचा आलेख छान आहे. रात्री मिणमिणता दिवा ठेवताय ना? कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात, त्यातून डोळ्याला जखमा झालेल्या मी बघितल्यात. आत्ता बऱ्या होत आलेल्या डोळ्याला तेवढं एक निमित्त नको.

---

चिमणचारा | तेवीस दिवसांनी, मंगळवार, रात्री ८:४५

काल पंचेचाळिसावा दिवस होता. दोघांचं औषध संपलं. काही आठवड्यांनी स्वॅब पुन्हा घ्यायचे आहेत, तोवर पिंजरे वेगळ्याच खोल्यांत. वजन ९५.

आज सकाळी समुद्रफेस परत लावला. वीस मिनिटांत निम्मा फोडून खाली टाकला आणि मग पहिल्यांदा, सहा-सात आठवड्यांनी, दाराची कडी वाजल्यावर शीळ घातली. पलीकडच्या खोलीतून तिने उत्तर दिलं. आता दोघांचं भिंतीआडून दिवसभर चाललंय, आणि आम्हाला फोनवर बोलता येत नाहीये.